ललिताबाईंचा डावा डोळा

रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणारी ‘रामायण’ मालिका १९८७ साली सुरू झाली, तेव्हा ललिता पवार सत्तरीच्या होत्या. मंथरेचे काम त्यांच्याकडे आले. ती मालिका पाहिलेल्या कुणालाही विचारून बघा, मंथरा म्हटले की कुबडाच्याही आधी तिचा डोळा आठवतो. डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक, किंचित मिटलेला, आणि त्यातून कैकेयीकडे टाकलेली ती तिरकी नजर. पुष्कळांना ती रंगभूषेची करामत वाटली होती. ती रंगभूषा नव्हती. तो डोळा तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा जुना जखमी होता. त्यामागची गोष्ट चित्रपटाच्या पानावर अनेकदा छापून आली आहे. पण ती जेवढी चित्रपटाची आहे तेवढीच कानाजवळून जाणाऱ्या एका नसेचीही आहे, म्हणून आज या सदरात.

ललिताबाई मूळच्या येवल्याच्या. जन्म १८ एप्रिल १९१६. माहेरचे आडनाव शगुन, वडील लक्ष्मणराव रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. पैठणीच्या गावातली, सोवळ्याओवळ्याच्या घरातली ही मुलगी मूकपटांच्या जमान्यात बालकलाकार म्हणून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. त्या काळात घरंदाज बायका सिनेमात यायला धजत नसत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पावलाचे वजन कळते. वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १९३२ साली, ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. पुढे बोलपट आला. मूकपटातली अनेक मोठी नावे बोलपटाने पुसून टाकली, ललिताबाई टिकल्या. गाणेही येत होते, पडद्यावर त्या स्वतःच्या आवाजात गायल्या. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’, वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा ‘अमृत’ अशी मराठीतली कामे नावाजली गेली. नायिका म्हणून पुढची दहा वर्षे त्यांची होती, असे म्हणायला १९४१ साली काहीच हरकत नव्हती.

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’चे चित्रीकरण चालू होते. प्रसंग असा, की भगवान यांनी ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची. पुढे ‘अलबेला’तल्या नाचामुळे ज्यांना सारा देश भगवानदादा म्हणून ओळखू लागला, तेच हे. थप्पड ठरल्यापेक्षा फार जोरात बसली. हेतू वाईट नव्हता, अंदाज चुकला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्यातली शीर फुटली आणि चेहऱ्याला लकवा मारला. वय वर्षे सव्वीस, आणि धंदा चेहऱ्याचा.

एका थपडेने चेहरा लुळा पडावा, हे नेहमी घडणारे नाही. कानावर बसलेल्या थपडेने कानाचा पडदा फाटण्याचे प्रकार त्याहून पुष्कळ जास्त दिसतात. पण घडू शकते, आणि का घडते ते समजायचे तर चेहऱ्याची नस कुठून कशी जाते हे पाहावे लागेल.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत. त्यांतली सातवी चेहऱ्याची. उजवीकडे एक, डावीकडे एक. कपाळाला आठ्या घालणे, डोळा मिटणे, हसणे, शीळ घालणे, तोंडात पाण्याची चूळ धरून ठेवणे, ही सगळी तिची कामे. कॅमेऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची निम्मी विद्या या एका जोडीत असते म्हणा ना. शिवाय डोळ्यातले पाणी, तोंडातली लाळ, जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव, असली खातीही तिच्याकडेच. कानाच्या आत रिकिबीच्या आकाराचे एक इवलेसे हाड असते. ते धरून ठेवणारा स्नायू शरीरातला सर्वांत लहान, त्याचीही दोरी हिच्याच हातात. म्हणून ही नस बंद पडली की काहींना त्या बाजूच्या कानात साधा भांड्याचा आवाजही घणासारखा आदळतो.

ही नस मेंदूकडून थेट गालावर येत नाही. ती आधी कानात शिरते. ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची आठवी नस तिच्या सोबतीला असते, दोघी एकाच बोळातून जातात. मग सातवीची वाट वेगळी होते आणि कानामागच्या हाडातल्या एका बारीक नळीतून ती साधारण तीन सेंटिमीटर प्रवास करते. हाडाच्या नळीतून एवढी मोठी मजल शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही नसेला मारावी लागत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात तर ही नळी एक मिलिमीटरहूनही अरुंद आहे. नंतर ती गुडघ्यासारखी वळते, कानाच्या पाळीमागे खाली बाहेर पडते, गालातल्या लाळग्रंथीतून जाते आणि तिथे तिच्या फांद्या फुटतात.

अडचण आहे ती या नळीची. हात मुरगळला तर सुजायला जागा असते, कातडी ताणते. हाड ताणत नाही. या नळीत नसेला थोडी सूज आली तरी ती स्वतःच स्वतःला आवळते, रक्तपुरवठा तुटतो आणि गालापर्यंतचा निरोप पोचेनासा होतो. डोक्याच्या बाजूवर जोरदार आघात झाला, कानामागचे हाड दुखावले किंवा तडकले, तर हाच प्रकार होतो. आघात बाहेरून असो की आतून, चेहरा दोन्हीकडे सारखाच वाकडा दिसतो.

ललिताबाईंचा काळ आठवा. १९४२ साली सूज उतरवणारी स्टिरॉइड औषधे बाजारात नव्हती. कॉर्टिसोन रुग्णांना पहिल्यांदा दिले गेले ते १९४८ साली. कानामागच्या हाडाचे स्कॅन नव्हते. असे रुग्ण आले की डॉक्टरांपाशी मालीश, शेक, विजेचे सौम्य झटके आणि धीर, एवढीच शिदोरी असे. ललिताबाईंचे उपचार तीन वर्षे चालले, अशी नोंद आहे. मात्र त्या तीन वर्षे घरी बसून राहिल्या नसाव्यात, कारण १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला आणि त्यात आनंदीबाई त्याच होत्या. नायिकेचे पान मिटले होते. उघडले ते कारस्थानी बायकांचे.

त्यांची गोष्ट इथे जरा थांबवू, कारण वाचकांपैकी फार थोड्यांना कॅमेऱ्यापुढे थप्पड बसणार आहे. तोच चेहरा, तीच नस, पण मारणारा घरातलाच, असा प्रकार मात्र आपल्या आजूबाजूला घडत असतो.

समजा, न्हावा शेवा बंदरात रात्रपाळी करणारा एक ट्रेलरचालक आहे. वय पन्नास-पंचावन्न, थोडा मधुमेह. कंटेनर उतरवायला रांगेत रात्र जाते, केबिनची काच उघडी. दोन दिवस उजवा कान ठणकतोय. घरच्यांनी कोमट तेल सोडले. कानाच्या खोलगट भागात चार-पाच बारीक पाणीदार फोड आलेत, ते उष्णतेचे म्हणून सोडून दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून गळते. आरशात पाहतो तर तोंड डावीकडे ओढलेले, उजवा डोळा मिटत नाही. सगळ्यांचे निदान तयार असते, खाडीचा वारा लागला. मग कुणी मालीशवाला सुचवतो, कुणी कबुतराचे रक्त. हो, अजूनही.

वारा बिचारा निर्दोष आहे. गुन्हेगार बहुधा पन्नास वर्षांपूर्वी आत येऊन बसलेला आहे. लहानपणी कांजिण्या येतात, आठवडाभरात खपल्या धरतात, आपण विसरतो. विषाणू मात्र जात नाही. तो नसांच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये दडून राहतो. वय वाढले, मधुमेह बळावला, मोठे आजारपण झाले, प्रतिकारशक्ती उणी पडली, की त्यातल्या एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्याच नसेच्या वाटेने कातडीपर्यंत चालत येतो. त्याच्या वाटेवर आग, ठणका आणि फोडांचा पट्टा उठतो. हीच नागीण. ती बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला का येते, याचे उत्तरही यात आहे, कारण नस त्या बाजूचीच असते. नागिणीचे तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत खेड्यांतच नव्हे, शहरातल्या सोसायट्यांतही ऐकू येते. त्या विळख्याची भीती घालून घेऊ नये. काव लावून, मंत्र घालून नागीण उतरत नाही. ती आपल्या गतीने दोन-चार आठवड्यांत वाळते, आणि श्रेय मांत्रिकाला मिळते.

छातीवर किंवा कमरेवर आलेली नागीण पटकन ओळखू येते. कानातली फसवते. चेहऱ्याच्या नसेचे ते गुडघ्यासारखे वळण आहे ना, तिथेच तिची एक गाठ आहे. विषाणू या गाठीत जागा झाला की फोड कानाच्या शिंपल्यात, कानाच्या भोकात, कधी जिभेवर किंवा टाळूवर उठतात, आणि सुजलेली नस त्या अरुंद नळीत चेंगरते. म्हणून कानाचा ठणका, कानातले फोड आणि वाकडे तोंड, अशी तिहेरी ओळख. शेजारून जाणारी आठवी नस सापडली तर ऐकू कमी येणे, कानात घूं घूं आवाज आणि गरगरून चक्कर हेही जोडीला. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स रॅम्से हंट यांनी १९०७ साली कानातले फोड आणि या गाठीचा संबंध मांडला, म्हणून या आजाराला त्यांचे नाव. हंट यांना तो विषाणू दिसलेला नव्हता. तो प्रयोगशाळेत वेगळा काढता आला १९५०च्या दशकात. नागीण आणि कांजिण्या यांचा विषाणू एकच, आणि तो शरीरात झोपून राहतो, हे चित्र त्यानंतर पक्के होत गेले. २०२२ साली गायक जस्टिन बीबरने आपला अर्धा चेहरा हलत नसल्याचे सांगितले, तेव्हा हे नाव घरोघरी पोचले. तो तर तिशीही न गाठलेला तरुण. म्हणजे वय हा एकमेव निकष नव्हे.

वाकड्या तोंडाचे सगळे रुग्ण नागिणीचे नसतात. बहुसंख्य लोकांत ठोस कारण सापडत नाही, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात, आणि त्यातले बरेचसे काही महिन्यांत पूर्ण बरे होतात. नागिणीच्या बाबतीत निसर्ग इतका उदार नाही. उपचार न घेतलेल्या अनेकांच्या चेहऱ्यावर काही ना काही कायमचे मागे राहते. जपानमधल्या डॉक्टरांनी ८० रुग्णांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला होता. पहिल्या तीन दिवसांत विषाणूरोधक औषध आणि स्टिरॉइड सुरू केलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांचा चेहरा पूर्ववत झाला. सात दिवस उलटून गेल्यावर औषध सुरू झालेल्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. अभ्यास लहान आहे, पण डॉक्टर आजही पहिल्या ७२ तासांचा आग्रह धरतात तो यामुळेच. आपला ट्रेलरचालक वाऱ्यावर मालीश करत बसतो ते नेमके हेच तीन दिवस.

औषधे कोणती, तर अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा त्याच कुळातली, आणि सूज उतरवायला प्रेडनिसोलोन. दुकानातून स्वतःहून आणून घ्यायची ही औषधे नव्हेत. स्टिरॉइडने रक्तातली साखर चढते, मूत्रपिंड कमकुवत असेल तर विषाणूरोधकाची मात्रा बदलावी लागते. ललिताबाईंच्या थपडेवर अ‍ॅसायक्लोव्हिरचा काही उपयोग नव्हता, हे उघड आहे. पण त्याच काळात कानातल्या नागिणीने चेहरा गमावलेल्यांसाठीही काहीच नव्हते. ते औषध वापरात यायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

उरण-पनवेलमधल्या कोणत्याही डॉक्टरकडे असा रुग्ण गेला की ते आधी कपाळ पाहतील. आठ्या घाला, असे सांगतील. मेंदूतल्या अर्धांगवायूत तोंड वाकडे होते, पण कपाळावर दोन्ही बाजूंना आठ्या बहुधा पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. नस कानापाशी बिघडली असेल तर त्या बाजूचे कपाळही सपाट राहते. घरी हा खेळ करत बसायचे नाही. तोंड वाकडे होण्याबरोबर हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, तर वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठायचे. आणि डॉक्टर कानात डोकावले नाहीत, तर रुग्णाने स्वतः सांगायचे, कान दुखत होता, फोड आले होते. कधी फोड उशिरा येतात, कधी येतच नाहीत, त्यामुळे कानदुखीची गोष्ट सांगणे महत्त्वाचे. घरात गरोदर स्त्री किंवा कांजिण्या न झालेले मूल असेल तर फोड झाकून ठेवावेत. नागिणीची नागीण लागत नाही, पण फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या लागू शकतात.

पुन्हा डोळ्याकडे येऊ. चेहरा लुळा पडल्यावर त्या बाजूचा डोळा मिटत नाही, उघडा राहतो. लोकांना उलट वाटते. पापणी खाली ओढणारा स्नायू या सातव्या नसेचा. पापणी वर उचलणारा वेगळ्या नसेचा, तो शाबूत असतो. उघडा डोळा कोरडा पडतो, धूळ जाते, बुबुळावर जखम होते. चेहरा सहा महिन्यांनी परत येईल, बुबुळावर पडलेले फूल जाणार नाही. म्हणून दिवसा डोळ्यात थेंब, बाहेर जाताना गॉगल, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद, हे पहिल्या दिवसापासून, डॉक्टरांना विचारून.

मग ललिताबाईंचा डोळा उघडा न राहता बारीक कसा झाला? त्यांच्या डोळ्यातली शीरही फुटली होती, तेव्हा सगळा हिशेब नसेवर टाकणे बरोबर होणार नाही. पण बऱ्या होत आलेल्या लकव्यात असेच एक दृश्य दिसते, ते सांगण्यासारखे आहे. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढते. वाढताना तिचे धागे कधी कधी चुकीच्या दारात शिरतात. ओठाकडे जायचा धागा पापणीला जाऊन मिळतो. असा माणूस हसला की त्या बाजूचा डोळा आपोआप बारीक होतो, जेवताना मिचकावतो. काहींचे स्नायू कायमचे आखडतात आणि लुळी बाजूच ताणलेली, लहान दिसू लागते. फुगे फुगवा, च्युइंगम चघळा, असा सल्ला सर्रास दिला जातो. चघळण्याचे स्नायू मुळात पाचव्या नसेचे, त्यांचा सातवीशी संबंध नाही. आणि जोर लावून केलेल्या व्यायामाने हे चुकीचे धागे अधिकच पक्के होण्याची भीती असते. आरशासमोर बसून सावकाश, एका वेळी एकच हालचाल, हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा.

चेहऱ्याचे दुखणे जिवावरचे नसते, म्हणून घरचे ते मनावर घेत नाहीत. ज्याला होते तो लग्नाकार्याला जाणे सोडतो, फोटोत मागे उभा राहतो, हसणे बंद करतो. हसला की अर्धेच हसू दिसते, हे त्याला ठाऊक असते. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आता नागिणीवर लस आहे, भारतातही २०२३ पासून मिळते. दोन मात्रांची आहे आणि महाग आहे. मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांशी निदान बोलून तरी घ्यावे.

ललिताबाईंना फोटोत मागे उभे राहण्याची सोय नव्हती. नायिकेची कामे गेली, तेव्हा त्यांचे वय तिशीलाही पोचले नव्हते, आणि त्यांच्या वाट्याला सासवा आल्या. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मधली सासू १९५० ची. ती पाहून बायका खरोखर बोटे मोडत. तो बारीक डोळा आता कामाला लागला होता. भुवई जरा उचलली, मान जरा तिरकी केली, की सून पडद्यावर आणि प्रेक्षक खुर्चीत आक्रसून बसत. पण त्याच डोळ्याने त्यांनी ‘श्री ४२०’ मधली केळी विकणारी गंगामाई केली, आणि १९५९ साली ‘अनाडी’ मधली मिसेस डीसा. तोंडाने कडक, मनाने मऊ अशी ही घरमालकीण. ती दगावते सदोष औषधाने, हे आरोग्याच्या सदरात सांगायला हवे. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मला स्वतःला मंथरेपेक्षा मिसेस डीसा मोठी वाटते. तिरक्या नजरेने कावा दाखवणे तुलनेने सोपे, त्याच नजरेतून माया दाखवायला नट लागतो. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा सन्मान केला.

‘प्रोफेसर’ मध्ये तर त्यांनी गंमत केली. करड्या शिस्तीची प्रौढ बाई, जी म्हाताऱ्याच्या वेशातल्या शम्मी कपूरवर भाळते. नायिकेचे लाजणे त्यांना वीस वर्षांनी परत मिळाले, विनोदातून का होईना, आणि त्या अशा लाजल्या की डोळ्याकडे कुणाचे लक्षही गेले नाही.

बालवयात सुरू झालेले काम सात दशके चालले. हिंदी, मराठी, गुजराती मिळून चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगतात. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे त्यांचे निधन झाले. ‘जंग-ए-आझादी’ हे नाव आज किती जणांना आठवते कोण जाणे. मंथरेचा तो डोळा अजून दूरचित्रवाणीवर अधूनमधून भेटतो, आणि घरातली लहान मुले अजूनही विचारतात, तिचा एक डोळा बारीक का आहे?